सातव्या हॉपच्या पलीकडे

१३ नोव्हेंबर २००२, बुधवार. अमेरिकेतल्या बोस्टन शहरातलं बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटर. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं हे मोठं रुग्णालय त्या काळी संगणकीकरणात आघाडीवर होतं. औषधांच्या ऑर्डरी, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेच्या प्रतिमा, सगळं पडद्यावर. त्या दुपारी रुग्णालयाचं नेटवर्क कोसळलं आणि ते सावरायला चार दिवस गेले. वीज गेली नव्हती, आग लागली नव्हती, बाहेरून कुणी हल्लाही केला नव्हता. स्विच आपापल्या जागी होते, त्यांचे दिवे लुकलुकत होते. बिघाड जोडणीच्या रचनेत होता आणि तो सहा वर्षं मुरत आला होता. म्हणून या घटनाक्रमाची सुरुवात त्या बुधवारच्या बरीच आधी करावी लागते.

सतरा वर्षं आधी

१९८५. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांच्यापुढे एक प्रश्न येतो. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे माहितीच्या पाकिटाला, आयुष्याची मर्यादा नसते. इंटरनेटवरच्या आयपी पॅकेटमध्ये एक आकडा असतो; वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. इथरनेटच्या फ्रेममध्ये असा आकडाच नाही. त्यामुळे जोडणीत कुठे लूप तयार झाला, तर सगळ्यांना उद्देशून पाठवलेली ब्रॉडकास्ट फ्रेम त्या लूपमध्ये फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीत स्विच तिच्या प्रती आपल्या बाकीच्या पोर्टांतून पुढे ढकलतो. शंभर मेगाबिटच्या एका लिंकवरून ६४ बाइटच्या, म्हणजे सगळ्यात लहान, फ्रेम सेकंदाला १ लाख ४८ हजारांहून अधिक जाऊ शकतात. लूप लागला की ही कमाल मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. तिथून पुढे खऱ्या कामाच्या फ्रेमला जागा उरत नाही.

लूप टाळायचा तर दोन ठिकाणांमध्ये एकच केबल ठेवावी लागते. आणि एकच केबल ठेवली तर ती तुटल्यावर सगळं बंद. पर्लमन यांनी यातून मार्ग काढला तो स्पॅनिंग ट्रीचा. जादा केबल खुशाल जोडा. स्विच आपापसांत बोलून एक मूळ स्विच निवडतील, त्याच्यापासून फांद्यांसारखी फुटत जाणारी, लूप नसलेली रचना ठरवतील आणि जादा लिंक अडवून ठेवतील. चालू लिंक तुटली की अडवलेली उघडतील. १९९० मध्ये हे ८०२.१डी या नावाने मानक झालं.

या मानकाच्या पोटात काही आकडे आहेत. मूळ स्विचकडून दर २ सेकंदांनी एक छोटा संदेश निघतो. तो २० सेकंद आला नाही, तर आधीची माहिती शिळी समजायची. लिंक उघडण्यापूर्वी १५ सेकंद ऐकायचं आणि आणखी १५ सेकंद शिकायचं. हे आकडे एका गृहीतावर बेतलेले आहेत: नेटवर्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातपेक्षा जास्त हॉप, म्हणजे स्विचचे टप्पे, नसावेत. आठवा स्विच जोडताना कुठलाही लाल दिवा लागत नाही. तो जोडता येतो आणि कामही करतो.

सहा वर्षं आधी

१९९६. बेथ इस्रायल आणि डिकनेस ही दोन रुग्णालयं एकत्र येतात आणि त्यांची नेटवर्कही जोडली जातात. रचना त्या काळाला साजेशी असते: मध्यभागी मोठे स्विच, त्यांना जोडलेले बाकीचे स्विच, आणि सगळा कारभार दुसऱ्या थरावर, म्हणजे मधे राउटरची सीमा न घालता. एका कोपऱ्यातली फ्रेम दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत विनाअडथळा जाते. आतले सगळे विश्वासाचे आहेत, असं त्यामागचं गृहीत असतं आणि १९९६ मध्ये ते वावगं नसतं.

पुढची वर्षं आर्थिक ओढाताणीची जातात. विलीनीकरणानंतर तोटा होतो आणि पायाभूत गोष्टींवरचा खर्च मागे पडतो. रुग्णालयाचे मुख्य माहिती अधिकारी जॉन हलामका यांनी नंतर स्वतः लिहिलं, की दोन अब्ज डॉलरच्या संस्थेत २००२ सालचं नेटवर्कचं बजेट होतं पन्नास हजार डॉलर. उपकरणं जुनी होत जातात. पण कामं वाढतच असतात. नवा विभाग आला की जवळच्या स्विचला आणखी एक स्विच, त्याला पुढे आणखी एक. त्या त्या दिवशी त्यातला प्रत्येक निर्णय बरोबरच असतो, कारण संध्याकाळपर्यंत समोरच्या डॉक्टरांचं काम सुरू होतं. सगळे मिळून मूळ स्विचपासून किती लांब आलो, हे मोजणं कुणाच्याच कामात बसत नाही.

बांध न घातलेल्या शेतासारखं हे नेटवर्क होतं. एका टोकाला पाणी सुटलं की ते सगळीकडे पसरणार. व्हीलॅन हे नेटवर्कमधले बांध. १९९८ मध्ये ८०२.१क्यू हे मानक आल्यावर एकाच स्विचवर अनेक वेगवेगळी नेटवर्क नांदवता येऊ लागली. पण व्हीलॅन आखले म्हणजे सगळं झालं असं नसतं. एकच व्हीलॅन या इमारतीपासून त्या इमारतीपर्यंत ताणला, सगळे व्हीलॅन त्याच मधल्या स्विचांवरून आणि त्याच केबलींवरून नेले, तर कागदावर ते वेगळे दिसतात. भार मात्र एकत्रच वाहतात. एका व्हीलॅनमध्ये लूप लागला तर त्या सामाईक केबली तुंबतात, त्या स्विचांचे प्रोसेसर दमतात आणि शेजारचे व्हीलॅनही गुदमरतात. खरा अटकाव होतो तो मधे राउटर बसवल्यावर, कारण ब्रॉडकास्ट राउटरपाशी थांबतो.

काही महिने आधी

२००२. नेटवर्कची बरीचशी माहिती एका हुशार अभियंत्याच्या डोक्यात आहे. कागदावर फारसं काही नाही. हे धोक्याचं आहे हे लक्षात आल्यामुळेच बाहेरच्या सल्लागार कंपनीला नेटवर्कचा आराखडा लिहून काढायला बोलावलेलं असतं. काम सुरू होतं, पण पूर्ण होत नाही.

बुधवार, दुपारी १.४५

नेटवर्क मंदावतं. एक ईमेल जायला कित्येक सेकंद लागू लागतात. संशोधन विभागात कुणीतरी चांगल्या हेतूने एक नवी प्रणाली चालवून पाहत असतं. ती शेकडो गिगाबाइटची माहिती एकाच वेळी अनेक सहकाऱ्यांकडे पाठवू लागते, मल्टिकास्ट पद्धतीने. मल्टिकास्टचा ग्राहक कुठे बसला आहे हे स्विचला ठाऊक नसेल, तर तो ती फ्रेम सगळ्याच पोर्टांतून सोडतो. आणि इथे तर सगळं रुग्णालय एकाच सपाटीवर. संशोधकाची माहिती अतिदक्षता विभागाच्या दारापर्यंत आणि प्रयोगशाळेच्या संगणकांपर्यंत पोचते.

नेटवर्क विभागालाही मंदी जाणवलेली असते. एका मधल्या स्विचवर अधूनमधून भार उसळतो आणि ओसरतो. असं पूर्वीही झालेलं असतं.

बुधवार, दुपार कलताना

भार कुठून येतो हे शोधायचं आहे. पण शोधायची साधनं त्याच तुंबलेल्या नेटवर्कवरून चालतात. स्विचपर्यंत पोचायला दुसरी वाट नाही. जे बंद पडत आहे त्याच्याच आधाराने ते का बंद पडत आहे हे पाहायचं, अशी कोंडी.

मग एक उपाय सुचतो: एकेक व्हीलॅन बंद करून पाहू, म्हणजे उगम सापडेल. सर्वसाधारण परिस्थितीत हा उपाय बरोबरच आहे. पण व्हीलॅन बंद होताच स्पॅनिंग ट्रीला आपली रचना नव्याने मांडावी लागते. प्रमाणाबाहेर पसरलेल्या आणि आधीच थकलेल्या नेटवर्कमध्ये ती मांडणी इतकी जड जाते की स्विच बाकीचं काम सोडून त्यातच गुंततात. वाहतूक थांबते. बदल मागे घेतला जातो, पण नेटवर्क पूर्वस्थितीला येत नाही. ते थोडं उठतं आणि पुन्हा पडतं.

हलामका यांनी पुढे स्पष्टपणे लिहिलं, की त्या काळात त्यांनी मंजूर केलेल्या काही बदलांमुळे परिस्थिती आणखी बिघडली.

पन्नास सेकंदांत काय होतं

या गोंधळाचं मर्म समजायचं तर घड्याळ तासांवरून सेकंदांवर आणावं लागतं. स्पॅनिंग ट्री असलेल्या कुठल्याही तुंबलेल्या नेटवर्कमध्ये जे घडतं ते असं.

शून्यावा सेकंद. एक जादा लिंक नियमानुसार अडवलेली आहे. तिच्या टोकाचा पोर्ट शेजाऱ्याकडून दर २ सेकंदांनी येणारा संदेश ऐकतो आहे. तो संदेश म्हणजे शेजारी जिवंत असल्याची खूण. जोवर ती मिळते तोवर पोर्ट बंद राहतो.

पुढचे काही सेकंद. वाहतूक इतकी वाढते की संदेश गर्दीत हरवतात, किंवा ते पाठवायलाही स्विचच्या प्रोसेसरला सवड मिळत नाही. मूळ स्विच जितका लांब, तितका संदेश वाटेत शिळा होत आलेला. दहाव्या हॉपवरच्या स्विचच्या हाती उसंत सगळ्यात कमी.

विसावा सेकंद. संदेश आलेला नाही. पोर्टच्या दृष्टीने पलीकडचा शेजारी मेला.

पस्तिसावा सेकंद. ऐकणं संपलं, शिकणं सुरू.

पन्नासावा सेकंद. पोर्ट उघडतो. शेजारी मात्र जिवंतच असतो. आता लूप पुरा होतो आणि आधीच तुंबलेल्या केबलींवर लूपचा भार पडतो. त्या भारात आणखी संदेश हरवतात, आणखी अडवलेले पोर्ट उघडतात.

स्पॅनिंग ट्रीमध्ये मौनाचा अर्थ एकच आहे: वाट मोकळी आहे, उघडा. संरक्षणासाठी ठेवलेली जादा केबल त्यामुळेच संकटाचं साधन होते. कुणी यात बेशिस्तपणा केलेला नसतो. प्रत्येक स्विच मानकात लिहिलं आहे तेच करत असतो.

बुधवारची रात्र

जादा लिंक काढून टाकून रचना सोपी करण्याचे प्रयत्न चालतात. रात्री रुग्णालयात वर्दळ कमी, म्हणून नेटवर्कवरही भार कमी. ते तग धरतं. सुटलं वाटतं.

गुरुवार, सकाळ

पहिल्या पाळीचे लोक येतात. हजारो पडदे उजळतात, ऑर्डरी लिहिल्या जाऊ लागतात. नेटवर्क पुन्हा कोलमडतं. रात्रीची दुरुस्ती केवळ रिकाम्या नेटवर्कवर टिकली होती.

डॉक्टर एखादी ऑर्डर देतात आणि ती पोचली की नाही हे कळायला मार्ग नसतो. प्रयोगशाळेत नमुना तपासून झालेला असतो, पण निकाल वॉर्डात दिसत नाही. पूर्ण बंद पडलेल्या यंत्रणेपेक्षा ही अवस्था रुग्णासाठी जास्त घातक असते, कारण काही क्षण सगळं चालतं आणि माणूस त्याच्या भरवशावर राहतो.

गुरुवार, दुपारी चारच्या सुमारास

रुग्णालय आपत्कालीन विभाग रुग्णवाहिकांसाठी बंद करतं. सुमारे चार तास रुग्णवाहिका दुसरीकडे वळवल्या जातात. एका संशोधकाच्या प्रयोगाने सुरू झालेली गोष्ट आता बोस्टनच्या रस्त्यांवर पोचली आहे.

त्याच दुपारी सिस्को कंपनीकडे आपत्कालीन मदत मागितली जाते. मॅसेच्युसेट्समधल्याच चेम्सफर्डच्या कार्यालयातून अभियंते येतात. कॅलिफोर्नियाहून विमानाने साहित्य निघतं.

गुरुवार संध्याकाळ ते शुक्रवार पहाट

बाहेरून आलेले अभियंते आधी हॉप मोजतात. रेडिओलॉजीच्या प्रतिमा साठवणारं पॅक्सचं नेटवर्क मूळ स्विचपासून दहा हॉप लांब निघतं. मर्यादा सातची. तीन हॉप जास्त. एक्स-रे आणि स्कॅनच्या फायली अवाढव्य असतात. म्हणजे सगळ्यात जड वाहतूक नेमकी सगळ्यात लांबच्या टोकाला.

रातोरात त्या भागात नवं मोठं उपकरण बसवलं जातं, सिस्कोचं मॉड्युलर घडणीचं ६५०९. त्यानंतर पॅक्सचं नेटवर्क राउटरच्या सीमेमागे वेगळं होतं. पहिला खरा बांध पडतो.

शुक्रवार, सकाळ

तरीही सगळं स्थिर होत नाही. एका ठिकाणची चूक दुरुस्त झाली, पण तशाच घडणीची इतर ठिकाणं आहेत. तेव्हा रुग्णालयाचे प्रमुख मोठा निर्णय घेतात: नेटवर्कच्या भरवशावर राहणं थांबवायचं आणि पूर्णपणे कागदावर यायचं. तज्ज्ञांना ते मोकळं मिळालं तर नीट दुरुस्त करता येईल.

हा त्या चार दिवसांतला सगळ्यात शहाणा निर्णय होता, असं मला वाटतं. दोन दिवस माणसं अर्धवट चालणाऱ्या यंत्रणेशी झगडत होती. कागद संथ असतो, पण त्यावर काय लिहिलं आहे आणि तो कुणाच्या हातात आहे हे स्पष्ट असतं. औषधांच्या ऑर्डरी हाताने लिहिल्या जातात. नमुने आणि निकाल घेऊन माणसं मजल्यांवरून धावतात. नव्या डॉक्टरांना हाताने ऑर्डर लिहायची सवय नसते. जुने त्यांना शिकवतात. ईमेल आणि पेजरची वेबसेवा बंद, पण जुनं टेलिफोन एक्स्चेंज संगणकांच्या नेटवर्कवर अवलंबून नसल्यामुळे चालू असतं. व्हॉइसमेलवरून सगळ्यांना एकदम सूचना देता येतात. ही जुनी, वेगळी वाट त्या दिवशी रुग्णालयाच्या कामी आली.

शनिवार ते सोमवार

एकेक भाग वेगळा करून जोडला जातो. सपाट नेटवर्कच्या जागी राउटरांनी विभागलेलं नेटवर्क आकार घेतं. आठवडाअखेर स्थैर्य येतं आणि सोमवारी रुग्णालय पुन्हा संगणकांवर येतं. या काळात कुठल्याही रुग्णाला इजा झाली नाही, असं रुग्णालयाने सांगितलं. त्याचं श्रेय कागद घेऊन धावणाऱ्या माणसांचं आहे.

त्यानंतर

पुष्कळ संस्थांनी हे प्रकरण मिटवून टाकलं असतं. हलामका यांनी ते उघड केलं. मुलाखती दिल्या, आपल्याला काय ठाऊक नव्हतं याची यादी करून लिहिली. मार्च २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यावर लेख आला. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये ते अभ्यासाचं प्रकरण झालं. नेटवर्कच्या जगात असा प्रांजळपणा दुर्मीळ आहे आणि त्याचा उपयोग तिथल्या चुका टाळू पाहणाऱ्या प्रत्येकाला झाला.

रुग्णालयात बदल झाले ते असे. मधला भाग राउटरांचा. वापरणाऱ्यांच्या जवळ स्विच, आणि त्यावर मर्यादित विस्ताराचे व्हीलॅन. कुठल्याही एका वापरकर्त्याला सगळी क्षमता खाऊन टाकता येणार नाही, अशी मर्यादा. नेटवर्क बंद असतानाही उपकरणांपर्यंत पोचता येईल अशी स्वतंत्र वाट. आणि दर आठवड्याला बसणारी एक समिती: नेटवर्कमधला, सर्व्हरमधला, सॉफ्टवेअरमधला कुठलाही बदल आधी तिच्यापुढे यायचा, त्याचे परिणाम तपासले जायचे, मगच तो करायचा.

आज

तेव्हाच्या सपाट नेटवर्कची जागा पुष्कळ ठिकाणी राउटरांनी घेतली आहे. पण सपाटीचा मोह गेलेला नाही. त्याने आता बोगद्याचं रूप घेतलं आहे. दोन गावांतल्या दोन इमारती एकाच व्हीलॅनमध्ये हव्या असतात. मग सेवा पुरवणारी कंपनी ग्राहकाच्या फ्रेमवरच्या व्हीलॅन टॅगवर, म्हणजे ओळखचिठ्ठीवर, आपला दुसरा टॅग चढवते. ही दुहेरी टॅगची पद्धत २००५ मध्ये ८०२.१एडी या मानकात आली. टॅगमध्ये व्हीलॅनच्या क्रमांकासाठी १२ बिट असतात आणि त्यातून ४,०९४ क्रमांक वापरता येतात. दुसऱ्या टॅगमुळे एका ग्राहकाचे सगळे क्रमांक दुसऱ्याशी न भिडता जातात. प्रत्येक टॅग ४ बाइटचा, म्हणून १,५१८ बाइटची फ्रेम दोन टॅगांसह १,५२६ ची होते. वाटेतल्या स्विचवर तेवढी मुभा दिली नाही, तर मोठ्या फ्रेम मुकाट गळतात आणि लहान जातात. जोडणी तपासणारा छोटा पिंग चालतो, फाइल अडकते.

खरी जोखीम मात्र पुढे आहे. अशा बोगद्यातून ग्राहकाचे स्पॅनिंग ट्रीचे संदेशही पलीकडे नेता येतात. नेले की दूरचे दोन स्विच एकमेकांना सख्खे शेजारी समजू लागतात. मधले स्विच त्यांच्या मोजणीत येतच नाहीत. संदेश नेले नाहीत, तर दोन्ही बाजूंना एकमेकांचा पत्ता नसतो आणि दुसरी एखादी केबल जोडली की अडवणारं कुणी नसल्यामुळे लूप लागतो. नेले, तर एका गावातला लूप दुसऱ्या गावात पोचतो. दोन्ही पर्यायांत कन्फिगरेशनच्या चार ओळी आणि सगळं चालू झाल्याचा आनंद सारखाच असतो.

बोगदा बांधूच नये असं माझं म्हणणं नाही. काही कामं त्याशिवाय होत नाहीत. पण तो बांधताना पलीकडचं संकट किती दूर यावं हेही आपणच ठरवत असतो. ब्रॉडकास्टला प्रत्येक पोर्टवर किती टक्के जागा द्यायची ही मर्यादा घालता येते. टोकाच्या संगणकांच्या पोर्टवर कुणी स्विच जोडला तर पोर्ट बंद व्हावा, अशी सोय असते. अचानक संदेश येईनासे झाले तर पोर्ट उघडण्याऐवजी अडवूनच ठेवायचा, हेही स्विचला सांगता येतं. बहुतेक चांगल्या स्विचमध्ये यातलं सगळं आहे. ते सुरू करायला एक दुपार लागते. मात्र ती दुपार शांततेतली असावी लागते, कारण संकट चालू असताना केलेल्या बदलांनी काय होतं हे बोस्टनने दाखवून दिलं आहे.

नेटवर्क चालतं आहे म्हणजे ते ठीक आहे, हा समज सगळ्यात महाग पडतो. बोस्टनचं नेटवर्क सहा वर्षं चाललं. त्या सहा वर्षांत कुठल्याही दिवशी एखाद्या माणसाने मूळ स्विचपासून पॅक्सपर्यंतचे हॉप मोजले असते, तर दहा हा आकडा समोर आला असता. मोजायला पैसे लागत नव्हते, नवं उपकरण लागत नव्हतं. फक्त हे मोजणं आपलं काम आहे असं कुणाला तरी वाटायला हवं होतं. ज्या संस्थेच्या नेटवर्कवर आजारी माणसांचा जीव अवलंबून आहे, तिथे ते कुणाचं काम आहे हे आजच नाव घालून लिहून ठेवलं पाहिजे, आणि त्या माणसाला ते करायला वेळ दिला पाहिजे.